कुरिंडीच्या तळ्यातली हाडं

१

कुरिंडीच्या तळ्यातून कोरल टियर्नी बाहेर आली, तेव्हा मी काठावर उभी होते.

न्यू साउथ वेल्समधला, एकोणीसशे अडुसष्टचा तो दुष्काळ. गवत कधीच संपलं होतं, मेंढ्या कुंपणाला टेकून मरत होत्या. कुरिंडी स्टड या शर्यतीच्या घोड्यांच्या फार्मवर, दौडीच्या ट्रॅकला लागून असलेलं मोठं तळं आटत आटत मधल्या डबक्याएवढं उरलं होतं. रानडुकरांनी तिथला चिखल उकरला आणि त्यातून एक रिकीब वर आली. रिकिबीत बूट होता. बुटात पाय होता.

सार्जंट मर्टननी मला, गावातल्या जनावरांच्या डॉक्टरला, बोलावून घेतलं, कारण माणसाच्या हाडांत घोड्याची हाडं मिसळली होती. "विनी, कुठलं कुणाचं ते वेगळं करून दे," ते म्हणाले. "एक हाडही इकडचं तिकडे झालेलं मला नकोय. तिची आई बघतेय."

तिची आई, नोला टियर्नी, बेकरीतला पांढरा एप्रन तसाच अंगावर ठेवून आली होती. पट्ट्याचं बक्कल तिनं लांबूनच ओळखलं. रडली नाही. स्टडच्या मालकिणीचा भाऊ रॉयडन पेस घरातून खुर्ची घेऊन आला, तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि टोपी काढून मागे उभा राहिला. त्या काठावर माणुसकीनं वागलेला तो एकटाच.

"म्हणजे पोरगी पळून गेलीच नव्हती," तो हळूच म्हणाला. "डॉलीवर बसून निघाली आणि इथेच घसरली. आणि आपण काय काय बोललो तिच्याबद्दल!"

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत कोरल नाहीशी झाली होती. ती कुरिंडीवर घोडे फिरवायची. त्याच दिवशी डॉली नावाची म्हातारी घोडीही दिसेनाशी झाली, म्हणून सगळे धरून चालले की पोरगी डॉलीवर बसून निघून गेली. कारणही तयार होतं. कुरिंडीची सगळी आशा ज्याच्यावर होती, ते ब्रॅकन नावाचं शिंगरू विसाव्याला कुरणात सोडलेलं असताना त्या सकाळी पाय मोडून बसलं आणि त्याला गोळी घालावी लागली. कोरलचा त्याच्यावर जीव होता. दुःखानं वेडी होऊन गेली, असं लोक म्हणाले.

स्टडची मालकीण थेल्मा ड्रायस्डेल काठीवर भार देऊन उभी होती. "जे काय असेल ते लवकर पुरा," ती म्हणाली, "आणि त्या बाईला घरी जाऊ द्या."

घोड्याचं डोकं डुकरांनी कुठेतरी ओढून नेलं होतं. बाकीची हाडं मी पोत्यात भरून दवाखान्यात आणली, टेबलावर मांडली आणि ब्रशनं चिखल काढायला लागले. पुढच्या पायाचं, गुडघ्याच्या वरचं लांब हाड हातात घेतलं आणि त्याचं खालचं टोक बरणीचं झाकण निघावं तसं माझ्या मुठीत सुटून आलं.

मी कड पाहिली. ते मोडलेलंच नव्हतं.

२

घोड्याचं लांब हाड वाढतं ते टोकाजवळ. तिथे कूर्चेची एक पातळ फट असते. वाढ चालू असेपर्यंत फट उघडी, वाढ संपली की हाड भरून ती कायमची बंद होते. खाली खुराजवळच्या हाडांमधल्या फटी वर्षाच्या आत मिटतात. गुडघ्याच्या वरची मात्र घोडा दोन वर्षांचा होऊन गेला तरी उघडी असते. असं जनावर मेलं की कूर्चा कुजते आणि टोक सुटं होतं.

डॉली विशीच्या पुढची होती. तिची टोकं सुटणं शक्यच नव्हतं.

मी दुसऱ्या पायाचं हाड घेतलं. तेही सुटलं. त्याखालच्या नळीची, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाची, टोकं मात्र पक्की जुळलेली होती. म्हणजे घोडा वर्षाच्या पुढचा, अडीचच्या आतला.

दवाखान्याचं दार मी कधी दिवसा बंद करत नसे. त्या दुपारी केलं, आणि मग सार्जंटना फोन लावला.

"तळ्यातली डॉली नाही," मी म्हटलं. "ते शिंगरू आहे. फार तर अडीच वर्षांचं."

"कुरिंडीवर त्या वयाचा एकच मेला, विनी. आणि त्याला टेकडीवर पुरलाय. मी स्वतः पाटी पाहिलीय."

"पाटी पाहिलीत."

"मग टेकडीवर कोण आहे?" सार्जंट म्हणाले.

३

थेल्माबाईंनी थडगं उकरायला साफ नकार दिला. "माझा घोडा आहे तो. झोपू दे त्याला." कोर्टाचा हुकूम येईपर्यंत सार्जंट थांबायला तयार होते. मला थांबवेना. ब्रॅकनला गोळी घातली कुणी, एवढंच मला विचारायचं होतं.

मर्व्ह हॅकेट तबेल्यात नाल ठोकत होता. कुरिंडीचा हा ट्रेनर मूळचा बॅलरॅटचा, व्हिक्टोरियातला. गडी इतका तुसडा की घोडे सोडून कुणाशी दोन वाक्यं धड बोलायचा नाही.

"काय डॉक्टरीणबाई, आज कुणाला सुई टोचायला आलात?"

"ब्रॅकनबद्दल विचारायचंय."

हातोडा थांबला. "मेला तो."

"गोळी कुणी घातली?"

"रॉयडननं. मी क्वीन्सलंडहून घोडे घेऊन नुकता पोचलो होतो. ट्रकमधून उतरलो तर हा समोर, तोंड पांढरंफटक. म्हणाला, ब्रॅकनचा पाय गेला, मी संपवलंय. कुरणात ताडपत्री टाकलेली होती. मी ट्रॅक्टरनं खड्डा खणला."

"ताडपत्री उचलून पाहिली नाहीस?"

"तो म्हणाला, बघू नकोस मर्व्ह, तू वाढवलायस त्याला." त्यानं नाकपुडीवरचा घाम मनगटानं पुसला. "मागचे पाय बाहेर होते. तांबूस. तेवढे पुरे होते मला. आणखी काय पाहिजे? रडलो का तेही लिहून घ्यायचंय?"

"डॉलीही तांबूसच होती ना?"

तो हातोडा घट्ट धरून एक पाऊल पुढे आला. "तुम्ही काय उकरताय, बाई?"

मी गाडीकडे निघाले. पळत नव्हते, पण पळण्यापासून फार लांबही नव्हते.

४

रॉयडननं मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा केला, बहिणीच्या आवडीची जिंजर बिस्किटं पुढे ठेवली.

"मी? अहो डॉक्टर, मला ससा मारवत नाही. गोळी मर्व्हनं घातली. मी नुसती ताडपत्री टाकली. थेल्मा न्यूकॅसलच्या हॉस्पिटलात होती, तिला फोन करायचं दुर्दैव मात्र माझ्या वाट्याला आलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मर्व्ह काय म्हणाला?"

"तुम्ही घातलीत म्हणाला."

"असं म्हणाला?" त्यानं मान हलवली. त्यात राग नव्हता, कीवच होती. "तुम्ही त्याच्याकडे एकट्या जाऊ नका. तो पोरीवर फार ओरडायचा. पण तुम्हाला एवढी शंका का येतेय?"

आणि मी सांगून टाकलं. तळ्यातला घोडा कोवळा आहे, हाडाचं टोक सुटंय, म्हणून. इतका भला माणूस समोर बसलेला, मला बोलून मोकळं व्हायचं होतं.

"एका हाडावरून एवढं कळतं?" तो म्हणाला. "कमाल आहे."

परतताना मी नोलाच्या बेकरीत थांबले. ती काउंटरमागे पाव मांडत होती, नेहमीसारखी.

"विनी, लोक म्हणतायत तुला काहीतरी सापडलंय."

"अजून नक्की नाही, नोला."

"नक्की झालं की आधी मला सांगशील. सार्जंटला नाही. मला."

मी हो म्हटलं. दवाखान्यात पोचले तर दार उघडं होतं. कुलूप मोडलेलं नव्हतं. मागच्या खिडकीची जाळी मात्र कापलेली होती. टेबलावर सगळी हाडं मी मांडली तशीच होती, फक्त दोन्ही सुटी टोकं आणि त्यांची लांब हाडं गायब. आणि माझी खुर्ची टेबलाजवळ ओढलेली, जणू कुणीतरी घटकाभर तिथे बसून विचार करून गेलं होतं.

५

त्या रात्री मी सार्जंटच्या बायकोकडे झोपले. सकाळी सार्जंट मला सोडायला आले, आणि मी कामाला लागले तशी तेच खुर्ची दाराला लावून बसले.

"टोकं गेली म्हणजे पुरावा गेला," ते म्हणाले.

"नेणाऱ्याला तसंच वाटलंय. पण नळ्या ठेवून गेलाय तो."

पुढच्या दोन्ही नळ्या, गुडघ्याखालची हाडं, मी त्यांच्यासमोर ठेवल्या. डावी मधोमध तुटलेली होती. "हात फिरवून बघा."

त्यांनी फिरवला. "डावी पुढून खरखरीत आहे. टोस्टसारखी."

"कोवळ्या घोड्याला जोरात पळवलं की नळीच्या पुढच्या अंगावर ताण येतो. शरीर घाईघाईनं तिथे नवं हाड लिंपतं. आधी ओबडधोबड. मग सावकाश ते खाऊन टाकतं आणि त्या जागी घट्ट, गुळगुळीत हाड बसवतं. वयात आलेल्या, सरावाच्या घोड्याची नळी त्यामुळे पुढून जाड असते. याचं सगळं अजून ओबडधोबडच होतं. म्हणजे ब्रॅकन कुरणात विसाव्याला नव्हता. कुणीतरी त्याला चोरून पळवत होतं."

"आणि डावाच पाय का?"

"तोच प्रश्न आहे. इथे, न्यू साउथ वेल्समध्ये घोडे घड्याळाच्या दिशेनं पळतात, वळणावर उजव्या पायावर भार येतो. याला उलट पळवलंय. मेलबर्नसारखं, व्हिक्टोरियात पळवतात तसं."

सार्जंट उठले. "बॅलरॅटचा मर्व्ह."

माझ्याही डोळ्यांपुढे तो हातोडाच आला होता. सार्जंट टोपी घालून कुरिंडीकडे निघाले. पश्चिमेला आकाश विटकरी झालं होतं. धुळीचं वादळ येत होतं.

मी एकटीच राहिले. तुटलेल्या नळीची कड भिंगाखाली धरली आणि तेव्हा कळलं. मी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं.

६

नव्या खरखरीत थराखालचं जुनं हाड बारीक छिद्रांनी भरलेलं होतं. घोडा बसून राहिला की शरीर नको असलेलं हाड पोखरून काढतं. म्हणजे ब्रॅकन आधी खरोखरच लांब विश्रांतीवर होता. पोखरलेल्या हाडावर एकदम जोराची पळवणूक सुरू झाली आणि वरचा थर पक्का व्हायच्या आत नळी तुटली. नवा थर फार तर काही आठवड्यांचा होता. त्यात महिन्यांची जुनी पुटं नव्हती.

आणि त्या सगळ्या आठवड्यांत मर्व्ह क्वीन्सलंडात, ब्रिस्बेनच्या हिवाळी शर्यतींना घोडे घेऊन गेलेला होता. मे महिन्यात, आमचा हिवाळा लागताना गेला, तो ब्रॅकन मेला त्याच दिवशी परतला. थेल्माबाई हॉस्पिटलात. कुरिंडीवर राहिले होते दोघंच. कोरल, आणि...

फोन उचलला. तार मेलेली होती. बाहेर धूळ आली होती. खिडक्या आधी तांबड्या झाल्या, मग तपकिरी, मग काहीच दिसेना. भर दुपारी मी दिवा लावला. पत्रे धडधडत होते, म्हणून गाडीचा आवाज मला आलाच नाही. दार ढकललं गेलं, खुर्ची घसरली.

"दार लावून का घेता, डॉक्टर?" रॉयडन म्हणाला. त्याच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. हातात बंदूक होती, नळी जमिनीकडे. "सार्जंट कुरिंडीवर आलेत. मर्व्हला विचारतायत, उलटं कोण पळवायचं. त्यावरून कळलं, तुमच्याकडे अजून हाडं आहेत."

"मर्व्ह इथे नव्हता," मी म्हणाले.

"नव्हता." तो टेबलापाशी आला, डाव्या नळीवरून बोट फिरवलं. "मेलबर्नच्या एका माणसाला घोडा डाव्या हाताला पळताना बघायचा होता. थेल्मा विकू देणार नव्हती. ती बरी होऊन येईपर्यंत सौदा उरकला असता. कोरल म्हणायची, अजून लहान आहे तो, हाडं तयार नाहीत. मी म्हटलं, शेवटचं एकदा."

"आणि पाय गेला."

"तळ्याच्या वळणावर. तिच्यावरच कोसळला. तिचा पाय रिकिबीत, सगळा भार तिच्या अंगावर. मी उचलायला गेलो, हलेना. मर्व्हचा ट्रक दुपारी यायचा होता." तो मला नाही, हाडालाच सांगत होता. "काठ उताराचा आहे. ट्रॅक्टरनं लोटलं की दोघं एकदम जातात. मग एक घोडा थडग्यात दाखवायला हवा होता आणि एक घोडा पोरीबरोबर गेलेला हवा होता. डॉली एकटीच दोन्हीकडे पुरली."

विचारायचं नव्हतं. विचारलं गेलं. "ती मेली होती ना तेव्हा?"

"हाका मारत होती," तो म्हणाला. "आधी मला. रॉय, रॉय, करून. नंतर आईला."

मग त्यानं नळ्या पोत्यात टाकल्या, पोतं दाराशी ठेवलं आणि बंदूक वर केली. मी टेबलाची कड पकडली. एवढंच आठवतं की मला त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं आणि मी त्याकडेच बघत होते.

"रॉय."

दारात थेल्माबाई उभ्या होत्या. डोक्याला ओढणीसारखा रुमाल, काठीवर दोन्ही हात, तोंडावर मातीचा लेप.

"मी सकाळी टेकडी उकरली," त्या म्हणाल्या. "मजूर लावून. माझ्या घरात पोलीस का येतात ते मला बघायचं होतं. आत डॉली आहे. दात झिजलेले, सांध्यांना हाडाच्या गाठी. वीस वर्षं तिच्यावर बसले मी, माझी घोडी मला ओळखू येत नाही? तू बंदूक घेऊन निघालास, तशी तुझ्या मागे आले."

"थेल्मा, तू गाडीत बस."

"ती बंदूक बाबांची आहे. इकडे दे."

"थेल्मा..."

"दे म्हणते ना!"

पन्नाशीचा तो माणूस बहिणीकडे बघत राहिला. बंदूक खाली आली. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, जशी लहानपणी कधी गलोल काढून घेतली असेल. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. त्यांना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. रॉयडन पळाला नाही. त्या धुळीत पळून जाणार तरी कुठे?

७

खटला मेटलंडला चालला. डॉली, ब्रॅकनची नळी, ट्रॅक्टर, सगळं त्यानं कबूल केलं. नाकारलं एकच. त्याचा वकील म्हणाला, हा अपघात होता. घोडा पडताच मुलगी जागच्या जागी गेली. घाबरलेल्या माणसानं मढं लपवलं, खून केला नाही. हाडं यावर काही सांगू शकत नव्हती. त्या दुपारचं बोलणं ऐकलेलं माणूस एकच होतं, मी. थेल्माबाई दारात आल्या त्या नंतर.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. त्या वादळात भ्याले नव्हते इतकी भ्याले होते. नोलाला दिलेला शब्द मी पाळला नव्हता. हाडांचं सगळं सांगितलं होतं, हाकांचं नाही. ती येऊन शेजारी बसली.

"तू माझ्याकडे बघायचं टाळतेस," ती म्हणाली. "महिनाभर पाव न्यायला आली नाहीस."

"नोला, तू आज घरी जा. मी पाया पडते तुझ्या."

"का?"

"मला आत जे सांगायचंय ते तुझ्यासमोर सांगवणार नाही."

तिनं माझा हात हातात घेतला. तिचे हात भट्टीनं कायम भाजलेले असत. "तू नाही सांगितलंस तर तो काय, दोन वर्षांत सुटून येईल?"

"बहुतेक."

"मग सांग. मी पहिल्या बाकावर बसते. घाबरलीस तर माझ्याकडे बघ."

मी सांगितलं. आधी त्याला, मग आईला, हे शब्द मी जसेच्या तसे उच्चारले. वकील उठला, पुन्हा बसला. रॉयडननं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले आणि ज्यूरीतल्या बारा जणांनी ते पाहिलं. मला वाटतं निकाल तिथेच लागला. त्याला जन्मठेप झाली.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत जात होतं. नोला पायरीवर बसली, मीही बसले. तिला धरावं की नाही मला कळत नव्हतं.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "कशावरून तेही मला आता सांगता येणार नाही. ती दार आपटून गेली. चार वर्षं मी समजत होते की ती माझ्यावर रागावून गेली. आणि मेली असली तरी रागातच मेली असेल."

ती माझ्याकडे वळली.

"मला हाक मारली तिनं?"

"हो."

"तो खोटं नाही बोलला ना?"

"त्याला खोटं बोलायचं असतं तर हे बोलला नसता, नोला."

तेव्हा कुठे ती रडली. मोठ्यानं, पायरीवर ओणवी होऊन, जाणारे येणारे थांबून बघत होते तरी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.